दिवेलागणीची वेळ आणि राष्ट्रसंतांची खंजिरी

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की तिवसा यायच्या आधी रस्त्याला लागूनच गुरुकुंज मोझरी येते. एस.टी.तले प्रवासी खिडकीतूनच हात जोडतात. वऱ्हाडातल्या माणसाला हे नवीन नाही. गुरुकुंज म्हटले की भजन, खंजिरी, ग्रामगीता, पांढरे कपडे घातलेले सेवक आणि रांगेत बसून केलेली प्रार्थना, एवढे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या आयुष्याची एक बाजू आपण फक्त पुण्यतिथीच्या भाषणात उल्लेखापुरती ठेवली आहे, असे मला वाटते. ही बाजू म्हणजे व्यसनांशी त्यांनी आयुष्यभर दिलेला लढा. आणि त्याच लढ्याला लागून असलेली दुसरी गोष्ट म्हणजे सीमेवरच्या जवानांकडे त्यांचे गेलेले लक्ष. या दोन गोष्टी मी आज मुद्दाम एकत्र मांडतो आहे, कारण वऱ्हाडातल्या कित्येक घरांत त्या आज एकाच ओसरीवर येऊन बसल्या आहेत.

महाराजांचे मूळ नाव माणिक. अमरावती जिल्ह्यातल्या यावली या गावी ३० एप्रिल १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील बंडोजी शिंपीकाम करीत, आई मंजुळा. घरची स्थिती अशी की आज शिजले तर उद्याचे सांगता येत नाही. शाळा तिसरी-चौथीच्या पुढे गेली नाही. पुढे ज्या माणसाच्या नावाने नागपूर विद्यापीठ ओळखले जाऊ लागले (हे नामांतर २००५ सालचे), त्याने विद्यापीठ तर सोडाच, हायस्कूलचा उंबरासुद्धा ओलांडला नव्हता. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. तुकड्या हे नाव त्यांनीच दिले. भाकरीच्या तुकड्यावर वाढलेल्या मुलाला ते चिकटले आणि माणिक मागे पडला.

गुरूंच्या देहान्तानंतर हा मुलगा घर सोडून रानावनात हिंडू लागला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, चिमूरजवळचे गोंदोडा, अशा ठिकाणी तो राहिला. या हिंडण्यात त्याने काय पाहिले असेल याचा विचार केला म्हणजे पुढच्या आयुष्याचा उलगडा होतो. साधूंच्या धुनीभोवती त्या काळी चिलीम फिरत असे. गांजा हा जणू संन्यासाचा शिधाच समजला जाई. आपल्याकडे शेगावच्या गजानन महाराजांच्या तसबिरीत चिलीम असते आणि भक्ताच्या हट्टाखातर त्यांनी ती स्वीकारल्याची कथा आपण पोथीत वाचतो. भाविकांनी त्यातली कथा तेवढी घ्यायची असते. पण कित्येकांनी कथा सोडली आणि चिलीमच उचलली, हे कोणाही गावकऱ्याला ठाऊक आहे. तुकडोजी महाराजांनी मात्र भगवी वस्त्रे आणि चिलीम यांची ही जोडी मोडली. साधू म्हणून मान मिळाला तरी नशेला धर्माचा आडोसा त्यांनी कधी मिळू दिला नाही. १९५६ मध्ये भारत साधू समाजाची स्थापना झाली आणि पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. गुलझारीलाल नंदा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने साधूंना राष्ट्राच्या उभारणीत ओढावे अशी कल्पना होती. देशभरच्या साधूंपुढे निर्व्यसनी अध्यक्ष बसावा, ही गोष्ट मला त्या पदापेक्षाही मोठी वाटते.

गाडगेबाबांचे उदाहरण इथे घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तेही अमरावती जिल्ह्याचेच. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी बुडाले, घरदार गेले आणि लहान डेबूला आजोळी गुरे राखावी लागली. बाबांचा दारूवरचा राग घरातल्या चुलीतून पेटलेला होता. तुकडोजी महाराजांच्या घरी असे काही घडल्याचे ज्ञात नाही. त्यांचा मार्ग वेगळा होता. गाडगेबाबा प्रश्नामागून प्रश्न विचारून श्रोत्याला त्याचीच लाज दाखवीत. तुकडोजी महाराज त्याला सूर धरायला लावीत. एकाच जिल्ह्याला, एकाच काळात, एकाच रोगावर असे दोन वैद्य मिळाले. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला, तेव्हा तुकडोजी महाराज सत्तेचाळीस वर्षांचे होते.

वैद्याची उपमा मी सहज दिलेली नाही. त्या काळची खेडी नशेच्या बाबतीत आज वाटतात तितकी भाबडी नव्हती. इंग्रजांच्या राज्यात अफू सरकारमान्य दुकानात मिळे. १८७८ च्या कायद्याने तिचा व्यापार सरकारच्या ताब्यात होता आणि १८९३ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने दोन वर्षांनी दिलेल्या अहवालात तिला फारसे वाईट ठरवले नाही. मजुरीला जाणाऱ्या बायका रडणाऱ्या तान्ह्याला अफूचा कण चाटवीत, म्हणजे मूल झोपे आणि आई कामाला मोकळी होई. मुंबईच्या गिरण्यांत याच प्रकाराला बाळगोळी म्हणत आणि १९२० च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत तो सर्रास आढळला. खोकला, हगवण, सांधेदुखी, सगळ्यांवर अफू. औषध आणि व्यसन यांमधली भिंत तेव्हाही पातळच होती. औषधाखेरीज इतर कामासाठी अफू देणे आपल्या देशात १९५९ च्या मार्चअखेर थांबले. म्हणजे महाराजांच्या वयाच्या पन्नाशीपर्यंत ही सोय चालू होती! दारूचे तर विचारूच नका. मोहाची, गुळाची, गुत्त्यावरची, हातभट्टीची. कापसाचा पैसा हातात आला की तो आधी कुठे जाई हे सावकाराला आणि कलालाला सारखेच ठाऊक असे.

महाराजांनी या रोगावर औषध काढले ते वेळापत्रकाचे. १९३५ मध्ये सालबर्डीला त्यांनी मोठा यज्ञ केला, त्याला लाखोंची गर्दी लोटली. त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंजाची सुरुवात झाली. पुढच्या वर्षी ते वर्ध्याजवळच्या शेगावला गांधीजींच्या सहवासात महिनाभर राहिले. तेच शेगाव पुढे सेवाग्राम झाले. यज्ञाची गर्दी आणि आश्रमाची शिस्त, दोन्ही त्यांनी जवळून पाहिली आणि निवड केली शिस्तीची. पहाटे सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. प्रार्थनेत मूर्ती नाही, समोर फक्त एक आसन. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या आणि हा कार्यक्रम खेड्यांच्या पारावर पोहोचला.

सायंकाळची ही वेळ मला फार महत्त्वाची वाटते. गुत्ता भरण्याची वेळही तीच असते. वावरातून माणूस थकून येतो, अंग ठणकत असते, घरात पोरांची रड असते, आणि दिवेलागणीला पाय आपोआप कुठेतरी वळतात. अशा माणसाला दारू वाईट आहे हे सांगून उपयोग नसतो. ते त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. महाराजांनी त्या तासाभरासाठी त्याला दुसरीकडे बसायला जागा दिली, शेजारी माणसे दिली, टाळ्या वाजवायला ताल दिला. घरी परतताना तो शुद्धीवर असे. पुढे ही सवय किती टिके हा गावोगावचा वेगळा हिशेब आहे, आणि सगळ्या गावांत ती टिकली नाही हेही खरे आहे. पण व्यसनमुक्तीचा आजचा कोणताही समुपदेशक पहिली गोष्ट हीच विचारतो, की दिवसातल्या कोणत्या वेळी जीव तळमळतो आणि त्या वेळी तुम्ही कोणासोबत असता.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटले. महाराजांच्या भजनांनी लोक भडकले असा सरकारचा ग्रह होता. त्याच महिन्यात चंद्रपूरला त्यांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले आणि डिसेंबरात सुटका झाली. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रपती भवनात डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांची खंजिरी ऐकली आणि राष्ट्रसंत हे नाव रूढ झाले. १९५५ मध्ये ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. हे सारे शाळेच्या पुस्तकात आहे, म्हणून इथे लांबवत नाही.

ग्रामगीता लिहून झाली ती याच सुमारास. एकेचाळीस अध्याय, साडेचार हजारांहून अधिक ओव्या, आणि भाषा अशी की गुराख्यालाही अडू नये. तिच्यात ग्रामरक्षण आहे, ग्रामशुद्धी आहे, ग्रामआरोग्य आहे आणि संसर्ग प्रभाव नावाचा एक अध्याय आहे. संगतीने माणूस घडतो आणि बिघडतो, हे त्याचे सूत्र. वाचताना हे नेहमीचे सुभाषितासारखे वाटते. पण या अध्यायाची परीक्षा पुढे महाराजांच्या माघारी, हजारो मैलांवर, एका परक्या सैन्यात झाली. तिचा आणि ग्रामगीतेचा काही संबंध नाही. तरीही मला ती सांगावीशी वाटते.

व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांत १९७१ च्या सुमारास हेरॉइनची साथ आली होती. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या जवानांचा अभ्यास केला. तिथे असताना जवळपास पाचांतला एक जवान आपण नशेच्या आहारी गेलो होतो असे सांगत होता. हे सगळे मायदेशी येऊन देश बुडवणार अशी धास्ती होती. प्रत्यक्षात आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षभरात पुन्हा त्या चिखलात रुतलेले शेकडा पाचांच्या आसपासच निघाले. छावणी सुटली, जवळचे सोबती सुटले, भय आणि कंटाळा सुटला, तशी बहुतेकांची नशाही सुटली. माणूस तोच, पण भोवतीची माणसे आणि जागा बदलल्या. हा अभ्यास तज्ज्ञांनाही प्रथम पटला नव्हता. आमच्या पारावरच्या एखाद्या ग्रामगीता वाचणाऱ्या म्हाताऱ्याला तो लगेच पटला असता!

आता आपल्या जवानांकडे येऊ. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला तेव्हा महाराज त्रेपन्न वर्षांचे होते. जवानांना धीर देण्यासाठी ते खंजिरी घेऊन सीमेकडे गेले. १९६५ च्या पाकिस्तानी आक्रमणाच्या वेळीही गेले. ज्या माणसाने आयुष्यभर विश्वशांतीची प्रार्थना म्हटली त्याने सैनिकांपुढे वीरश्रीची गीते गावीत, याचे काहींना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. ग्रामरक्षण त्यांनी ग्रामगीतेतच मांडले होते, आणि सीमेवरचा जवान म्हणजे कुठल्यातरी गावचाच पोरगा. त्या थंडीत, घरापासून दूर, रात्र खायला उठते. महाराजांजवळ देण्यासारखे एकच होते, आणि खेड्यात थकलेल्या मजुराला जे दिले तेच त्यांनी तिथे दिले. चार माणसे एकत्र बसवून एक सूर.

सैन्यात दारूचा शिधा ही इंग्रजी अमदानीची देणगी. उंचावरच्या ठाण्यांवर रम मिळते, ती ऊब देते असा समज आहे. वैद्यकशास्त्र उलटे सांगते. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंग गरम वाटते, पण तीच उष्णता बाहेर निघून जाते आणि शरीर आतून अधिक गारठते. जवान शिस्तीत असतो तोवर मापात पितो. अडचण सुरू होते ती पेन्शन घेऊन गावी आल्यावर. कॅन्टीनची बाटली करसवलतीत मिळते, म्हणून ती बाजारापेक्षा स्वस्त. गावात ती मानाची वस्तू होऊन बसते. तलाठ्याला भेट, लग्नात भेट, निवडणुकीत तर विचारायलाच नको. विदर्भात कामठीची छावणी आहे, पुलगावचा दारूगोळा डेपो आहे, आणि सैन्यात पोरे पाठवणारी गावे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यातली गंमत अशी की वर्धा नदी ओलांडली की १९७४ पासून दारूबंदीचा जिल्हा लागतो. नदीच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, पिणाऱ्याला पाण्याची खोली कधी आडवी आली नाही.

पण बाटली निदान दिसते, तिचा वास येतो. गोळीचे तसे नाही.

माझ्या परिचयाचे एक सुभेदार होते. तिवसा तालुक्यातच त्यांचे घर. दोन्ही गुडघे गेलेले, पाठीत जुनी दुखापत, रात्री झोप नाही. दवाखान्यातून महिन्याची औषधे एकदम मिळत. सगळी लागत नसत, पण घेतलेली औषधे परत कशी करायची हे कोणी सांगितले नव्हते. उरलेली सारी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जात. त्यांच्या माघारी त्यांच्या पत्नीने, आम्ही त्यांना काकू म्हणतो, तो डबा माझ्यापुढे ठेवला आणि याचे काय करू असे विचारले. दुखण्यावरच्या, झोपेच्या, रक्तदाबाच्या, कसल्या ते न कळणाऱ्या अशा अनेक पट्ट्या होत्या. झोपेच्या गोळ्यांच्या पट्ट्या जरा जास्तच रिकाम्या होत्या. काकूंच्या ते लक्षात आले होते. बारावीला नापास होऊन घरी बसलेला नातू दुपारी फार झोपतो, एवढेच त्या म्हणाल्या आणि पदराने डबा पुसू लागल्या. पुढचे त्यांना विचारण्याची गरज नव्हती.

डबा उकिरड्यावर टाकावा तर शेळ्या तोंड घालतात, पोरे वेचतात. विहिरीत किंवा नाल्यात टाकणे तर त्याहून वाईट. यावर सरकारी उत्तर आता निघाले आहे. केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने २०२५ मध्ये मुदत संपलेल्या आणि न वापरलेल्या औषधांच्या विल्हेवाटीविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यात सतरा औषधांची एक वेगळी यादी आहे. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, डायझेपाम अशी नावे त्यात आहेत. चुकून एक मात्रा दुसऱ्याच्या पोटात गेली तरी जीव जाऊ शकतो, म्हणून ही घरात न ठेवता संडासात टाकून पाणी सोडावे असे ती सांगते. बाकीची औषधे मात्र अशी वाहवू नयेत, ती औषध दुकानांमार्फत गोळा व्हावीत अशी कल्पना आहे. केरळने असा उपक्रम सुरू केला आहे. अमेरिकेत २०१० पासून ठरावीक दिवशी घरोघरची उरलेली औषधे परत घेतात. आपल्या तालुक्याच्या गावी अशी पेटी येईपर्यंत साध्या गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत कालवाव्या, पिशवीत घट्ट बांधाव्या आणि मग कचऱ्यात द्याव्या, हा जगभर सांगितला जाणारा मार्ग आहे. कोणती गोळी कोणत्या यादीतली हे औषध दुकानदाराला विचारावे. यातल्या ट्रॅमाडॉलला तर २०१८ पासून अमली पदार्थांचा कायदा लागू आहे. काकूंच्या डब्यात ती निघाली.

हे वाचून कोणी औषधालाच घाबरू नये. महाराजांचा शेवट कर्करोगाने झाला. या रोगाच्या वेदना ज्यांनी घरात पाहिल्या आहेत त्यांना मॉर्फिनची किंमत सांगायला नको. १९८५ च्या कडक कायद्याने नशेबाजांबरोबर अशा रुग्णांचेही हाल झाले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट थोडी मोकळी केली. अफू तान्ह्याला चाटवणे आणि मरणाऱ्याला मॉर्फिन देणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. घरात मात्र दोन्हींची जागा कुलपाच्या कपाटातच.

काकूंच्या नातवाचे काय झाले असे वाचक विचारतील. डबा रिकामा केल्याने तो सुधारला नाही. आठवडाभर तो चिडला, रात्रभर जागा राहिला, घाम फुटायचा. झोपेच्या गोळ्या अशा एकदम तोडणेही धोक्याचे असते, त्यांची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते, हे अमरावतीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले आणि तसे केले. महिने लागले. मधल्या काळात काकूंचे एकच म्हणणे होते, की संध्याकाळी याला एकट्याला ठेवू नका. त्या काही पुस्तके वाचणाऱ्या नव्हेत. लहानपणी त्यांच्या गावच्या पारावर गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना होई, तेवढीच त्यांची शिदोरी.

ही शिदोरी सरली आहे का, असा प्रश्न मला पडतो. अकोल्याच्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या घेऊन आजही दारूवर कोरडे ओढतात आणि तरुण पोरे ऐकायला येतात. २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत बायका दारूबंदीसाठी चालत गेल्या, त्या चिमूरच्या मातीत महाराजांची भजने मुरलेली आहेत. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा येतो आणि जातो. पार मात्र पुष्कळ गावांत रिकामा आहे, आणि जिथे प्रार्थना होते तिथे बसणाऱ्यांचे केस पांढरे आहेत. मंडळाच्या लोकांना हे कळत नाही असे नाही. त्यांनी निवृत्त जवानांना हाताशी धरावे असे मला फार वाटते. पहाटे उठण्याची आणि वेळ पाळण्याची सवय असलेली माणसे आज गावात दुसरी कोण आहेत? त्यांनाही संध्याकाळी बसायला जागा हवीच आहे. गुरुकुंजाच्या परिसरात आयुर्वेद महाविद्यालय आहे, औषधांची जाण असलेले तरुण तिथे शिकतात. उरलेल्या गोळ्यांची पेटी आणि सायंप्रार्थना एकाच ओट्यावर का असू नयेत?

११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराजांनी गुरुकुंजात देह ठेवला. तिथी आश्विन वद्य पंचमी. दरवर्षी त्या तिथीला त्याच मिनिटाला मोझरीत लाखोंचा समुदाय उभा राहून मौन पाळतो. काकू यंदा नातवाला घेऊन जाणार आहेत. तो येईन म्हणाला आहे.